न हलणारी डबी

ता. ३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही पाठवलेलं खोकं पोचलं. आतलं मोजून घेतलं ते असं : डब्या दोन, त्यांच्या तारा दोन, माहितीपुस्तक एक, आणि थर्माकोल इतका की त्यात आणखी चार डब्या सहज मावल्या असत्या. हमालाने चार जिने चढवायचे वीस मागितले, बारावर तुटलं. वर आल्यावर त्याने पाणी मागितलं, ते दिलं. पाण्याचे काही लावले नाहीत.

बाकी सगळ्या इमारतीला तुमच्या कंपनीची गाडी येऊन डब्या वाटून गेली होती. ज्याने डबी बनवली त्याच्याच भावाचं घर तेवढं यादीत राहिलं. हे म्हणाले, "बरोबर आहे, स्वयंपाक्याला शेवटीच वाढतात."

फोन न करता पत्र का लिहिते ते सांगते. फोनवर तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" म्हणता, मागे कुणीतरी बोलावतं, आणि तुम्ही जाता. कागदाला तसं "हो हो" म्हणता येत नाही.

दोन्ही डब्या आधी देवापुढे ठेवल्या, मग सुरू केल्या. माझी मी पिशवीत घालून फिरते. यांची, नवी वस्तू नवी राहावी म्हणून प्लास्टिकमधून काढलीच नाही; तशीच यांच्या पलंगाच्या वर खिळ्याला टांगली आहे. तार लावून ठेवणं मला पटत नव्हतं, पण हे म्हणाले, "राहू दे. तिचा हिरवा दिवा दिसला की वाटतं सिग्नल मिळालाय, आता निघायचं." तीस वर्षं बस चालवलेला माणूस. एक बाजू लुळी पडल्यापासून चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेला नाही. एवढा हिरवा दिवा तरी असू दे म्हटलं. विजेचा खर्च मी दुसरीकडून काढीन.

आता खरी बातमी. डब्यांच्या उद्घाटनाची सभा झाली. अध्यक्षांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, त्यांना ध्वनिक्षेपक लागत नाही आणि तरी ते तो घेतात. बोलता बोलता त्यांना एकदम भरून आलं. म्हणाले, "वर एक माणूस अडकून पडलाय आणि खाली आपली रिकामी खोली कुलपात! आपल्याला लाज वाटायला हवी! तळमजल्याची खोली यांना द्यावी. हात वर करा!" सगळ्यांनी केले. चिटणीसांनी मोठ्याने सांगितलं, "एकमताने मंजूर." मी घरी येऊन यांना सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून पडले. मग म्हणाले, "दाराशी खुर्ची टाकता येईल. तिथून बसथांबा दिसतो."

देव द्यायला लागला की असं देतो. घरवाटप कचेरीच्या बाई येऊन शिक्का मारतील की झालं. सभेचं वृत्तान्तपुस्तक आता बंद केलं आहे. अध्यक्ष म्हणाले, यापुढे सभेत बोललेलं सगळं जसंच्या तसं डबीत. तेवढं नीट राहतं ना?

वहिनी


ता. १२ फेब्रुवारी

ती. वहिनी,

तुमचं पत्र ऑफिसात पोचलं तेव्हा चार जण ते बघायला आले. इथल्या दोघांनी टपालाचं तिकीट प्रथमच पाहिलं.

दादाला खोली मिळते आहे हे वाचून फार बरं वाटलं. सभेच्या नोंदीची काळजी करू नका. आमच्या योजनेचं वैशिष्ट्यच हे आहे की तिला मध्य नाही. मोठं कोठार नाही, मालक नाही, एकमेकींना जोडणाऱ्या तारा नाहीत. माणसं फिरतात, डब्या त्यांच्या खिशात फिरतात, जिन्यात दोन डब्या जवळ आल्या की एकमेकींशी बोलतात. तुम्हाला काही हवं असेल तर डबीला विचारायचं. ती जवळच्या डबीला विचारते, ती पुढच्या डबीला, आणि ज्या डबीत ती गोष्ट असेल ती उत्तर देते. ज्याच्याकडे आहे तो देईल, ज्याला हवं आहे तो घेईल.

कोणती गोष्ट कुठे ठेवायची हेही डब्याच ठरवतात. तो नियम मी स्वतः लिहिला आहे : जी डबी सर्वांत रिकामी आणि सर्वांत भरलेल्या विजेची, तिच्यात ठेवायचं. प्रत एकच ठेवतो, कारण एकच गोष्ट चाळीस ठिकाणी ठेवणं ही उधळपट्टी. हे तुम्हाला पटेल. तुमच्या सभेची नोंद त्याच संध्याकाळी अशा एखाद्या डबीत जाऊन बसली असेल.

तुमची इमारत माझी पहिली परीक्षा आहे. ती चांगली गेली तर माझी खुर्ची खिडकीजवळ जाईल. दादाला नमस्कार. या वर्षी नक्की येऊन जातो.

आपला,
भाऊजी


ता. ९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. "मध्य नाही, मालक नाही, सगळीकडे आहे आणि कुठेच दिसत नाही" हे ऐकून म्हणाले, "म्हणजे देवाची नक्कल केलीय." मी म्हटलं, जिभेला हाड नाही तुमच्या. पण मनात मलाही तेच आलं होतं.

आता इथली हकीगत. पहिला आठवडा सगळे खूश. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या लक्षात आलं की आपण काही न विचारताही डबीची वीज उतरते. का, तर ती दुसऱ्यांची कामं करते. त्यांनी माहितीपुस्तकात शोधून काढलं की डबीच्या पोटाशी एक बटण आहे. ते दाबलं की डबी घेते, पण देत नाही. ही विद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पसरली. तुमच्या डब्यांतून नाही, जिन्यात उभ्याउभ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं देणं बंद.

मीही केलं. सगळ्यांनी उधळायचं बंद केल्यावर मी एकटीने का उधळावं? पण हिशेब लिहिणारी बाई आहे मी. जिथे सगळ्यांची बाजू घेण्याचीच आहे तिथे कुणाच्या हाती काय पडणार, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

कारण पुढे असं झालं. अध्यक्षांचा मेहुणा आला. त्याला तळमजल्याच्या खोलीत व्यायामशाळा काढायची आहे. म्हणे जागच्या जागी चालायचं यंत्र ठेवणार. ज्याला पाय आहेत त्याने एका जागी चालायचं, त्याचं भाडं द्यायचं, आणि ज्याला चालता येत नाही त्याने वर बसायचं! मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, "भाऊसाहेब, खोलीचं ठरलं होतं ना?"

"ठरलं असेल तर नोंद असेलच," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्हीच बोललात. भर सभेत. तुम्हाला भरून आलं होतं."

"मला पुष्कळदा येतं. त्यातलं मंजूर झालेलं कोणतं ते नोंदीवरून ठरतं. डबीला विचारा."

विचारलं. "शोधत आहे" असं आलं. आजही तेच आहे. खालच्या मजल्यावरच्या गायनशिक्षकांना विचारलं, तुम्ही हात वर केला होता ना? म्हणाले, "काकू, केला असेल, पण माझ्या आठवणीवर कशाला जाता? डबीत पक्कं असेल." दाताचे डॉक्टर म्हणाले, "मी तोंड उघडून चूक ठरलो तर? डबीत बघा." एवढी माणसं एका खोलीत होती, भाऊजी, आणि एकालाही आठवत नाही. डबी आल्यापासून लोकांनी आठवायचंच सोडलं आहे.

अध्यक्षांनी तर माझ्यादेखत स्वतःच्या डबीला विचारलं, "तळमजल्याच्या खोलीचा ठराव." मग डबी माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा, मीही शोधतोय." तोंडावर असा भाव की जणू देवळात उभे आहेत.

यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते खुर्ची कोणती न्यायची ते ठरवताहेत. काय करू ते कळवा.

वहिनी


ता. १८ मार्च

ती. वहिनी,

अभिनंदन! तुमची इमारत आमच्या सर्व परीक्षांमध्ये प्रश्न विचारण्यात पहिली आली. आमच्या साहेबांनी तो आलेख भिंतीवर लावला. एकच प्रश्न तीनशेहून अधिक वेळा विचारला गेला आहे, यावरून लोकांना डबीची किती गरज वाटते ते दिसतं, असं ते म्हणाले. उत्तरं मोजण्याची सोय अजून केलेली नाही. ती पुढच्या टप्प्यात आहे.

देणं बंद करायचं बटण ठेवू नये असं मी म्हटलं होतं. पण विक्रीविभागाला ते हवं होतं. लोकांना मोकळेपणा आवडतो.

नोंद हरवलेली नाही, एवढं निश्चित. ती कुठल्यातरी डबीत आहे आणि ती डबी कुठेतरी फिरते आहे. तुम्ही तुमची डबी घेऊन जितकं फिराल तितक्या डब्या भेटतील. जिन्यात, पाण्याच्या वेळेला, जिथे गर्दी असेल तिथे उभ्या राहा. आणि निदान तुमचं देणं चालू करा. पहिलं कुणीतरी करायला हवं.

दादाला सांगू नका हेच बरं. मी यायचं ठरवत होतो, पण आलेखामुळे साहेबांनी थांबवून घेतलं आहे.

आपला,
भाऊजी


ता. १४ एप्रिल

भाऊजी,

फिरले. गुडघ्यांना तेल लावून फिरले. देणंही चालू केलं. जिन्यात इतक्या वेळा उभी राहिले की लोकांना वाटलं मी पहाऱ्याला आहे. शिंपीणबाई म्हणाल्या, "काकू, कुणावर नजर ठेवताय? मला तरी सांगा." यांना घरात सांगते की गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं आहे.

त्या फिरण्यातून हाती आलं ते असं. दाताच्या डॉक्टरांकडून कुणाच्या तरी अक्कलदाढेचा फोटो. गायनशिक्षकांकडून पहिल्या वर्गाचा धडा, अर्धाच, मधेच त्यांनी बटण दाबलं असावं. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी आपल्या बहिणीला सासूबद्दल काय सांगितलं ते सगळं. हे मात्र एका शब्दाचीही गळती न होता आलं. आणि माझाच प्रश्न. तो मला निरनिराळ्या डब्यांनी परत परत विचारला. "तळमजल्याच्या खोलीचा ठराव आपल्याकडे आहे का?" मीच विचारलेलं मलाच विचारतात! एकदा मी रागाने "नाही, नाही, नाही" असं डबीलाच म्हटलं, आणि जिन्यातून चाललेला टपालवाला म्हणाला, "बरं बाई, नको तर नको, पण पत्र तुमचंच आहे."

देवाला मी रोज काही ना काही मागते. पुष्कळदा मिळत नाही. पण इतक्या वर्षांत त्याने माझंच मागणं मला परत आणून दाखवलेलं नाही.

यांना कळलं आहे. मी नाही सांगितलं. अध्यक्षांच्या मेहुण्याने जिन्यात यंत्राची मापं मोठ्याने वाचली, ती वरपर्यंत आली. यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची पलंगाजवळ ठेवून घेतली होती, ती म्हणाले, "ने परत. तुला बसायला लागेल."

भाऊजी, या माणसाने उभ्या जन्मात हॉर्न वाजवल्याशिवाय वळण घेतलं नाही. आता तो आवाज न करता मागे सरतो आहे, ते मला बघवत नाही.

आणखी एक. परवा डबीवर असं आलं : "सर्व चालू डब्यांना विचारले. एक डबी निर्जीव असल्याने वगळली." ती कुणाची?

उलटटपाली कळवा.

वहिनी


ता. २३ एप्रिल

ती. वहिनी,

निर्जीव म्हणून वगळलेली डबी दादाची आहे. घाबरू नका, हा फक्त तांत्रिक शब्द आहे.

डबीच्या आत हालचाल ओळखण्याची सोय असते. डबी पुष्कळ दिवस जागची हललीच नाही, तर ती हरवली किंवा कुणी टाकून दिली असं समजायचं, आणि तिला काही विचारण्यात वीज घालवायची नाही. हा नियम माझा नव्हे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचा आहे. नियम चांगला आहे. त्यामुळे पुष्कळ बचत होते. आमचा दोघांचा नियम एकत्र चालवल्यावर साहेबांनी आम्हाला पेढे म्हणून एक एक पेन दिलं.

दादाच्या डबीमुळे तुमच्या शोधात काही अडत नाही, कारण ती कुणी वापरतच नाही. तिच्याकडे लक्ष देऊ नका. नोंद फिरत्या डब्यांपैकीच कुणाकडे तरी असणार. आम्ही नवी आवृत्ती काढतो आहोत. तिच्यात प्रश्न दुप्पट वेगाने पसरतील.

आपला,
भाऊजी


ता. २ मे

भाऊजी,

तुमचा तांत्रिक शब्द इमारतीच्या फळ्यावर लागला आहे.

तुमच्या कंपनीकडून अध्यक्षांना चालू डब्यांची यादी गेली. त्यांनी ती सभासदांची यादी म्हणून लावली. त्यात यांचं नाव नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "डबी निर्जीव आहे. सभासद राहत नसावेत, किंवा..." आणि पुढे टोपी काढली. माझ्यासमोर! मी म्हटलं, "भाऊसाहेब, टोपी घाला. आत्ताच त्यांना चहा देऊन आले."

तर म्हणाले, "वहिनी, मला वैयक्तिक माहीत आहे हो. पण नोंदीप्रमाणे नाही."

घरवाटप कचेरीच्या बाई या महिन्याच्या दहा तारखेला येणार, खोलीचा निकाल त्याच दिवशी. जो सभासद यादीत नाही त्याचा अर्ज घेणार नाहीत. ज्याला हरकत घ्यायची त्याने आपली डबी घेऊन स्वतः हजर राहावं, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. स्वतः! चार जिने उतरता येत नाहीत म्हणून ज्याला खालची खोली हवी, त्याने ती मागायला चार जिने उतरून यायचं.

मी यांना वाचून दाखवलं. लपवून आता काय करायचं? हे ऐकून मात्र उठून बसले. एका कोपरावर, पण बसले. म्हणाले, "मी मेलो असेन तर तू चहा कुणाला देतेस? हिशेबात कुठे लिहितेस तो?" मग म्हणाले, "डेपोत निरोप दे."

वहिनी


ता. ७ मे

ती. वहिनी,

दहा तारखेला काही करू नका. त्यांना सुनावणी पुढे ढकलायला सांगा. नवी आवृत्ती महिनाअखेर येते आहे. दादाला हलवू नका, पडला-झडला तर केवढ्याला पडेल! घाईत,

भाऊजी


ता. २० मे

भाऊजी,

तुमचं पत्र अकरा तारखेला आलं. नेमून दिलेल्या दिवशी काही करू नका हे दुसऱ्या दिवशी सांगणं, याला मी सल्ला म्हणू की समाचार?

झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी डेपोतून तिघं आले. दोन ड्रायव्हर आणि यांचे जुने कंडक्टर, ज्यांची पिशवी सुटली तरी हाताची सवय सुटलेली नाही. मी यांना धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. देवाला म्हटलं, खोली दे किंवा देऊ नको, पण हा माणूस जिवंत आहे एवढं आज सगळ्यांना दिसू दे. डबी बरोबर हवी असं लिहिलं होतं म्हणून ती खिळ्यावरून काढली, प्लास्टिकसकट यांच्या वरच्या खिशात घातली. खोलीची आशा मी सोडली होती. निदान फळ्यावरचं नाव तरी परत लावून घ्यायचं, एवढ्यासाठीच आम्ही निघालो.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीला यांना चादरीने बांधलं. एक ड्रायव्हर पुढे, एक मागे, कंडक्टर रस्ता मोकळा करायला. यांचा गाडीवरचा आवाज मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकला : "मागचा, उतार आहे, गियर खाली घे! पुढचा, डावीकडून काढ, कठड्याला रंग नवा आहे!" कंडक्टर प्रत्येक वळणाला ओरडत होते, "चला, चला, आत सरका, दारात उभं राहू नका!" आणि लोक खरंच आत सरकत होते.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली, दम घ्यायला. इतक्यात गायनशिक्षकांच्या घरातून अध्यक्ष ओरडले.

मी दचकले. अध्यक्ष तर खाली. पण आवाज त्यांचाच. "वर एक माणूस अडकून पडलाय आणि खाली आपली रिकामी खोली कुलपात!" मग सूनबाईंच्या घरातून तेच. मग माझ्या पिशवीतून. मी पिशवी कानाशी धरली. "आपल्याला लाज वाटायला हवी!"

ड्रायव्हरांना वाटलं काही विघ्न आलं, त्यांनी खुर्ची उचलली आणि झपाट्याने उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर पोचतो तो शिंपीणबाईंची डबी त्यांच्या यंत्रावरून बोलायला लागली. वरचे अजून "हात वर करा" वर होते, खाली नुकतं "अडकून पडलाय" सुरू झालं होतं. सगळ्या इमारतीत एकच भाषण, मागेपुढे, जसा गायनशिक्षकांचा वर्ग. पहिल्या मजल्यावर डॉक्टरांच्या खुर्चीत एक जण तोंड उघडून बसला होता, तो तसाच बाहेर आला.

यांच्या खिशातला हिरवा दिवा नुसता लुकलुकत होता. हे खाली बघत म्हणाले, "अगं, ही बोलतेय सगळ्यांशी."

तळमजल्याच्या खोलीत कचेरीच्या बाई बसल्या होत्या. शेजारी अध्यक्ष, बाजूला मेहुणा, मोजपट्टी घेऊन. आमची खुर्ची उंबऱ्यात टेकली आणि अध्यक्षांच्या स्वतःच्या छातीवरून, वरच्या खिशातून, त्यांचा स्वतःचा आवाज आला, अगदी भरून आलेला : "तळमजल्याची खोली यांना द्यावी. हात वर करा!" मग चिटणीसांचं "एकमताने मंजूर." त्या दिवशी मला दाखवण्यासाठी त्यांनी प्रश्न विचारला होता ना, त्याचं हे उत्तर. विचारलेलं फुकट जात नाही.

बाई म्हणाल्या, "हा आवाज आपला?"

"आवाज माझा आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण मत तेव्हाचं आहे."

"मग आत्ताचं ऐकू. कोणी विरोध करतं आहे का?"

मागे सगळी इमारत जिन्यात गोळा झाली होती. शिंपीणबाई म्हणाल्या, "विरोध कसला? मी हात वर केला होता, मला चांगलं आठवतंय." गायनशिक्षक म्हणाले, त्यांनाही आठवतच होतं. डॉक्टर म्हणाले, ते बोलणारच होते. एवढ्या माणसांना एका क्षणात इतकं आठवलं की मला वाटलं आता हे लोक मागच्या जन्मीचंही सांगतील. चिटणीस सगळ्यांत पुढे. मेहुण्याने मोजपट्टी सोडली, ती सर्रकन आत गेली. शिक्का बसला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि सर्वांत आधी यांच्या गळ्यात पडले. भाषण करायच्या आत कंडक्टरांनी त्यांना "पुढे चला" म्हटलं.

हे असं कसं झालं ते आम्हाला कळेना. मग यांनी तुमची ती दोन नियमांची दोन्ही पत्रं मागून घेतली. वाचून हसायला लागले, ते थांबेनात. म्हणाले, "अगं, सर्वांत रिकामी आणि सर्वांत भरलेल्या विजेची डबी माझीच. ठराव पहिल्याच संध्याकाळी तुझ्या पिशवीतून माझ्या खिळ्यावर आला. एकाने माल माझ्या गाडीत भरला. दुसरीने गाडी उभी दिसली म्हणून मोडीत काढली. आणि सगळा गाव इतर गाड्यांच्या मागे धावत होता. गाडी हलली तसा माल उतरला." देण्याचं बटणही त्याच एका डबीचं कुणी दाबलेलं नव्हतं, प्लास्टिकमुळे. माझ्या प्लास्टिकला तुम्ही नेहमी हसता, म्हणून लिहून ठेवते.

महिनाभर जिने चढले-उतरले मी, भाऊजी. काखेत कळसा म्हणतात, तो इथे उशाशी होता.

सामान दुसऱ्याच दिवशी खाली आलं. हमाल तोच होता. उतरवायचे आठ घेतले, म्हणाला उतार आहे. हे आता दाराशी बसतात. बसथांबा दिसतो. कोणती बस उशिरा आहे, टपाल आलं का, शिंपीणबाई घरी आहेत का, हे सगळं लोक येता-जाता यांना विचारतात आणि हे सांगतात. कुणी डबी काढत नाही. डबी पुन्हा खिळ्यावर आहे, हिरवा दिवा लावून. तुमच्या नियमाप्रमाणे थोड्या दिवसांत ती परत निर्जीव होईल. होऊ दे.

पण त्या नियमाचं एक मला विचारायचं आहे. जे पुष्कळ दिवस जागचं हललं नाही ते हरवलं असं समजायचं, असं तुम्हीच लिहिलंत. तुमचे दादा चार जिने उतरून आले. तुम्ही दोन वर्षं झाली, "या वर्षी नक्की" म्हणता आणि टेबलावरून हलत नाही. खिडकीजवळची खुर्ची मिळाली असेल तर आनंदच आहे, पण इथे दाराशी दुसरी खुर्ची टाकून ठेवली आहे. ती तुमची समजून हे रोज तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत.

तेव्हा तुम्हाला यादीत ठेवायचं की वगळायचं, ते उलटटपाली कळवा.

वहिनी